वस्तीचा ऑनलाइन नकाशा करताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की प्रभागातल्या कोणाला तरी सुचतंच: पाणी कुठे तुंबतं, चेंबरचं झाकण कुठे उघडं आहे, दिवा कुठे बंद आहे याचा ऑनलाइन नकाशा करू, लोक स्वतःच खुणा करतील. गूगल माय मॅप्स किंवा यूमॅप यांसारखं नकाशा बनवायचं साधन घेतलं की तासाभरात नकाशा उभा राहतो. लिंक सगळ्या ग्रुपवर जाते. दोन दिवस खुणांचा पाऊस पडतो, मग शुकशुकाट. असे तीन-चार नकाशे बसलेले पाहिले आहेत. त्यातला एक माझ्याच हातचा.

कोरी जागा म्हणजे अडचण नाही, हा समज

माझ्या नकाशावर सोसायट्यांचा भाग खुणांनी भरून गेला होता आणि नाल्याकाठची वस्ती स्वच्छ कोरी होती. पाणी पहिल्यांदा शिरतं ते नेमकं तिथंच. अमेरिकेत बॉस्टन शहराने २०१२च्या सुमारास ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप आणलं होतं. गाडीला बसणाऱ्या धक्क्यावरून फोनच खड्डा ओळखायचा. लवकरच लक्षात आलं, की ज्या भागात स्मार्टफोन आणि गाड्या जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसणार. आपल्याकडे यात डेटा पॅकची, घरात एकच फोन असण्याची आणि ‘आपल्याला कोण विचारतंय’ या अनुभवाची भर पडते.

यावर मला एकच उपाय कामाला आलेला दिसला. त्या भागाचा मोठा कागदी नकाशा छापायचा, टिकल्यांची पाकिटं घ्यायची आणि बचत गटाच्या बैठकीला किंवा नळावर जाऊन बसायचं. फोन हातात न धरणाऱ्या बायकाही बरोबर जागेवर टिकली लावतात, आणि वर ‘इथं नाही, मारुतीच्या देवळामागं’ अशी दुरुस्तीही सांगतात. संध्याकाळी एकाने त्या खुणा संगणकात भरायच्या. मात्र तक्त्यात ‘नोंद कुठून आली’ हा रकाना ठेवाच. बैठकीतून किती, फोनवरून किती, हे कळलं नाही तर कोरा भाग पुन्हा कोराच राहतो. केनियात २००८च्या निवडणुकोत्तर हिंसाचारात सुरू झालेला ‘उशाहिदी’ हा ऑनलाइन नकाशासुद्धा इंटरनेट नसलेल्यांकडून साध्या एसएमएसवरून नोंदी घ्यायचा.

आणि हो, नावं लोकांच्या तोंडची लिहा. सरकारी कागदावरचा ‘सर्व्हे नंबर’ शोधत कोणी नकाशावर फिरत नाही.

खूण भलतीकडेच पडते

पुण्याची नोंद नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसली, तर घाबरू नका; अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. पुणे साधारण १८.५२ अक्षांश, ७३.८६ रेखांश. आकडे उलटे झाले की खूण थेट आर्क्टिकमध्ये बेअर बेटाच्या शेजारी जाते. गूगल मॅप्सवरून कॉपी केल्यावर अक्षांश आधी येतो, जिओजेसन (नकाशाच्या खुणा साठवायची फाइल) मध्ये रेखांश आधी लागतो, म्हणून हा घोळ. महाराष्ट्रापुरती खूणगाठ सोपी आहे: लहान आकडा अक्षांश, मोठा रेखांश. खूण आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात पडली असेल, तर रकाना रिकामा राहून तिथे शून्य-शून्य गेलं आहे.

नुसत्या पत्त्यावरून खुणा पाडत असाल तर ‘शिवाजीनगर’ पुण्यात, गोवंडीत की बेंगळुरूत, हे यंत्राला कळत नाही. पत्त्यापुढे शहर आणि पिनकोड लावा.

फोटोवरून जागा काढू, असंही बरेच जण म्हणतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो येताना त्यातली जागेची माहिती गळून पडते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा किंवा सोबत लोकेशन पाठवायला सांगा. त्यापेक्षा कोबो टूलबॉक्स या माहिती गोळा करायच्या साधनाचा फॉर्म बरा. त्यात जागेचा प्रश्न असतो आणि तो रेंज नसतानाही भरता येतो. गूगल फॉर्ममध्ये नकाशावर बोट ठेवायची सोय नाही.

मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आली, तर सीएसव्ही फाइल (नोंदींचा साधा मजकुरी तक्ता) एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडा.

सगळ्यांना संपादनाची चावी

लिंक असलेल्या कोणालाही बदल करू दिले, की एखादा उत्साही हात अर्धा नकाशा पुसून टाकतो. नोंद फॉर्ममधून घ्या, एकाने तपासा, मग नकाशावर आणा. माय मॅप्समध्ये नोंदींची गूगल शीट आयात केली की ती तिथेच गोठते. शीटमध्ये नंतर भरलेलं आपोआप येत नाही. रोज बदलणारा नकाशा हवा असेल तर यूमॅपला शीटची दूरस्थ लिंक जोडा.

‘इथं रात्री भीती वाटते’ अशी नोंद करणाऱ्या बाईचं नाव, नंबर किंवा घराचा नेमका बिंदू नकाशावर येता कामा नये. दशांशानंतर तीनच आकडे ठेवले की जागा साधारण शंभर मीटरच्या टप्प्यात राहते. गळक्या पाइपसाठी मात्र पाच आकडे लागतात. म्हणून दोन्ही विषय नकाशाच्या एकाच थरात (लेयरमध्ये) कोंबू नका.

खुणांच्या खाली दिसणाऱ्या अनेक परदेशी आधारनकाशांवर काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे नसते आणि भारतात तो कायद्याचा प्रश्न होतो. गावापलीकडे नकाशा सरकणार नाही, लहानही होणार नाही, अशी मर्यादा घाला. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा वापरलात तर त्याचं श्रेय कोपऱ्यात दिसू द्या. ती परवान्याची अट आहे.

खुणेचं पुढे काय झालं?

नकाशा मरतो तो इथे. ब्रिटनमध्ये २००७ पासून चालणाऱ्या ‘फिक्समायस्ट्रीट’वर तक्रार संबंधित पालिकेकडे जाते आणि चार आठवड्यांनी तक्रारदाराला विचारलं जातं: काम झालं का? आपल्याकडे नकाशाचे पान सुंदर, पण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज कोण देणार, हे ठरलेलं नसतं. ते आधी ठरवा. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकासाठी मागवल्या जातात. नकाशा त्या मुदतीच्या आधी संपवायचा असतो, नंतर नाही.

प्रत्येक खुणेला चार स्थिती द्या: नोंदली, कार्यालयात दिली, झाली, नाकारली. चौथी लपवू नका, कारणासकट लिहा. महिन्याभराने तोच नकाशा पुन्हा छापून नळावर न्या. ‘माझी टिकली कुठंय?’ असं विचारणारी पहिली बाई भेटली की पुढच्या पावसाळ्याच्या नोंदी मागायला वेगळं आवाहन करावं लागत नाही.