तांबड्या मातीतून सबमिशन ग्रॅपलिंगकडे वळताना

कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत अंग मुरलेल्या मल्लाला सबमिशन ग्रॅपलिंगकडे, म्हणजे गळा किंवा सांधा आवळून हार मानायला लावणाऱ्या झुंजीकडे वळायचे असेल, तर त्याने आधी चितपटीची भीती सोडावी. कारण येथे पाठ टेकल्याने लढत संपत नाही, उलट प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती पाय आवळून खालूनही ती जिंकता येते. पट काढताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला पाडताना, मान बाहेर राहिली, की तिच्याभोवती हात पडलाच म्हणून समजावे. यासाठी डोके त्याच्या छातीला भिडवून पाठ सरळ ठेवावी. पालथे पडून राहण्याची सवय तर अधिकच घातक, कारण मागून गळा आवळला जातो. डाव पक्का बसताच तळहाताने दोन-तीनदा थोपटून हार मानावी. वस्तादांना हे पटवणे अवघड जाईल, पण सांधा वाचतो.

एडीसीसी ही सबमिशन ग्रॅपलिंगची जागतिक स्पर्धा. १९९८ मध्ये अबुधाबीत सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी कोल्हापूरच्या मल्लाने आशिया-ओशनिया विभागाची निवड स्पर्धा गाठावी. तेथे लढतीच्या पहिल्या टप्प्यात गुणच मोजले जात नाहीत, म्हणून खालची झुंज आधी शिकावी. गुण सुरू झाल्यावर मात्र तालमीतला पट कामी येतो.