संत्र्याच्या पट्ट्यातला गाळ, गोगलगाय आणि तांबं : प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एमएस्सीला ‘नदीच्या गाळातील जड धातू’ हा विषय मिळाला की बहुतेक जण पिशवी घेऊन थेट नदीवर जातात. त्याआधी एक दिवस नकाशा समोर घेऊन बसा. वरुड, मोर्शी, काटोल भागातले नाले काळ्या बेसाल्टवरून वाहत वर्धा नदीला मिळतात. तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, चंद्रपूरकडे कोळसा आणि वीजकेंद्राची राख. प्रत्येक ठिकाणचा प्रश्न वेगळा आहे. इथे संत्र्याचा पट्टाच धरू, कारण तांब्याचा गुंता इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

आपण मोजतो त्या गाळात आणि त्यात राहणाऱ्या गोगलगायींत तांबं तीन वाटांनी येतं. पहिली वाट खडकाची. बेसाल्टची जागतिक सरासरी किलोला ८७ मिलिग्रॅम तांबं आणि १३० मिलिग्रॅम निकेल अशी आहे. शेल खडकाची, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाची, तीच सरासरी ४५ आणि ६८. आता बघा, गाळ किती प्रदूषित आहे हे सांगणारा भूसंचय निर्देशांक काढताना गाळातलं प्रमाण मूळ (नैसर्गिक) प्रमाणाच्या दीडपटीने भागतात आणि २ च्या पायावर लॉग घेतात. मूळ प्रमाण म्हणून शेलचे ४५ धरले, तर ज्यात कुणी काहीच मिसळलेलं नाही अशा बेसाल्टच्या चिखलाचा निर्देशांकही ०.३७ येतो, म्हणजे ‘प्रदूषणाकडे झुकलेला’. निकेलचं तर त्याहून वाईट. गाळासाठी जगभर वापरली जाणारी ‘परिणाम संभवतो’ ही पातळी किलोला ४८.६ मिलिग्रॅम आहे आणि आपला खडकच तिच्या अडीचपटीहून जास्त. म्हणून पुस्तकातली सरासरी उचलू नका. बागांच्या वरच्या अंगाला, त्याच खडकावरच्या ओढ्यातून किमान ५ नमुने घ्या आणि तेच मूळ प्रमाण धरा.

दुसरी वाट मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची. बागेत बुरशीविरुद्ध फवारतात त्या एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना पडतो. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं, म्हणजे १०० लिटरमागे अडीचशे ग्रॅम. खोडाला लावायच्या पेस्टमध्ये तेवढंच मोरचूद १० लिटरात असतं. बागाईतदाराला ‘काका, बोर्डो कधी मारला, पेस्ट कधी लावली?’ एवढंच विचारा आणि तारीख वहीत लिहा. ते प्रदूषण करतात असा सूर लागला तर पुढच्या खेपेला बांधावरही उभं करणार नाहीत, आणि ते रास्तच आहे.

गाळ प्लास्टिकच्या स्कूपने वरच्या ५ सेंटिमीटरमधला घ्या, एका ठिकाणी ५ जागांचा मिळून एक नमुना. लोखंडी फावडं आणि पत्र्याची बादली टाळा, जस्ताचा मुलामा नमुन्यात उतरतो. पुलाखालचा गाळ घेऊ नका. चाळणी ६३ मायक्रॉनची, नायलॉनचीच हवी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पितळी चाळण्या असतात आणि पितळ म्हणजे तांबं-जस्तच. वर्षभराची मेहनत या एका चाळणीने वाया जाते. नोव्हेंबरमध्ये पाणी निवळल्यावर एकदा आणि एप्रिलमध्ये डोह आटत आल्यावर एकदा, अशा दोन फेऱ्या पुरतात.

तिसरी वाट गोगलगाईच्या अंगातली, आणि नवख्यांना हीच माहीत नसते. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन असतं आणि ते तांब्यावर चालतं. म्हणजे निरोगी गोगलगाईतही तांबं सापडणारच. इंडोप्लॅनॉर्बिस मात्र अपवाद. चकतीसारखी चपटी, झाकण नसलेली ही गोगलगाय. तिचं रक्त हिमोग्लोबिनमुळे लाल असतं. हे दोन प्रकार एका बाटलीत मिसळले की आकड्याला अर्थ उरत नाही. कामासाठी बेलामिया बेंगालेन्सिस घ्या : शंकूसारखा शंख, त्यावर गडद पट्टे, तोंडाला झाकण. नर ओळखायचा तर ती चालू लागेपर्यंत थांबा. डोक्यावरचं उजवं शिंग डाव्यापेक्षा जाड आणि आखूड दिसलं की तो नर. मादी पिल्लांनाच जन्म देते, त्यामुळे तिच्या पोटात शंखासकट पिल्लं असतात. ती तशीच आम्लात गेली तर कॅल्शियमने द्रावण भरून जातं आणि धातू मोजणाऱ्या यंत्रावरचं वाचन बिघडतं. शक्यतो नरच निवडा.

पाण्यात उतरताना गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. इंडोप्लॅनॉर्बिसमधून निघणाऱ्या कृमींच्या अळ्यांनी अंगाला खाज सुटते. उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या डब्यात गोगलगायी नेल्या तर एसटीतच गुदमरून मरतात. ओल्या सुती कापडात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत न्या. नंतर ४८ तास क्लोरीन नसलेल्या स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, म्हणजे आतड्यातला गाळ बाहेर पडेल. दर ६ ते ८ तासांनी पाणी बदला, नाहीतर त्या स्वतःची विष्ठा परत खातात आणि तुम्ही गाळच मोजत बसता.

सारख्या मापाच्या १० ते १५ गोगलगायींचं मांस एकत्र करा, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. अर्धा ग्रॅम पूडीत ५ मिलि नायट्रिक आम्ल घालून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ९५ अंशांवर तापवा, थंड होऊ द्या आणि मग २ मिलि हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा. एकदम ओतलं तर फसफसून बाहेर येतं. हे सगळं फ्युम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. भांडी आदल्या दिवशी १० टक्के नायट्रिक आम्लात बुडवून ठेवलेली हवीत आणि दर १० नमुन्यांमागे एक कोरा नमुना (मांस न घालता फक्त रसायनांचा) हवाच. द्रावण ५० मिलि केलं आणि वाचन लिटरला ०.४२ मिलिग्रॅम आलं, तर ०.४२ गुणिले ५० भागिले ०.५, म्हणजे किलोला ४२ मिलिग्रॅम, कोरड्या वजनावर. मांसात बहुतेक पाणीच असतं, म्हणून ओल्या वजनाचे आकडे यापेक्षा कितीतरी कमी येतात. कोणतं वजन ते प्रत्येक तक्त्यावर लिहा.

खडकातलं आणि बागेतलं तांबं वेगळं करायचं तर गाळाचं टप्प्याटप्प्याने निष्कर्षण करा, म्हणजे वेगवेगळ्या द्रावणांनी त्यातलं तांबं सोडवून घ्या. पहिला टप्पा : १ ग्रॅम गाळ, ०.११ मोलर ॲसिटिक आम्ल ४० मिलि, १६ तास हलवणं. खडकातलं तांबं खनिजात घट्ट अडकलेलं असतं, ते इथे फारसं सुटत नाही. बाहेरून आलेलं बरंचसं सेंद्रिय पदार्थाला चिकटतं, म्हणून पेरॉक्साइडचा टप्पाही सोडू नका. गोगलगाईतलं प्रमाण या सैल तांब्याशी जुळवून पाहा, एकूण तांब्याशी नव्हे.

आणि एखाद्या ठिकाणी गोगलगाय मिळालीच नाही तर ते ठिकाण यादीतून काढू नका. मोरचूद हे गोगलगायी मारायला वापरलं जाणारं रसायन आहे. प्रत्येक ठिकाणी एकाच माणसाने ३० मिनिटं शोधायचं आणि सापडली नाही तर रकान्यात शून्य लिहायचं, सोबत शेजारच्या बागेच्या शेवटच्या फवारणीची तारीख.