ट्रेटिनॉइन अन् वावरातलं ऊन

यवतमाळच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी मुरुमांसाठी ०.०२५ टक्क्यांची ट्रेटिनॉइन क्रीम लिहून दिली. मी अतिशहाणी, रोज रात्री बोटभर चोपडली अन् सकाळी वावरात कापूस वेचायला. ८ दिवसांत गालांची सालपटं निघाली, घाम लागला की मिरची चोळल्यासारखं. आई म्हणे, "फेकून दे थे ट्यूब!"

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढीच, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, एक रात्र आड. वरून साधं मॉइश्चरायझर. या क्रीमनं कातडी उन्हाला नाजूक होते, म्हणून दिवसा सनस्क्रीन अन् दुपट्टा (तो तर आमच्याकडे उन्हात सगळेच बांधतात). पहिला महिना मुरूम उलट वाढले. तिसऱ्या महिन्यात गाल सपाट झाले, डाग अजून आहेत.

वहिनीनं ट्यूब मागितली होती. तिला दिवस गेलेत अन् गरोदरपणात ही क्रीम लावत नाहीत, म्हणून दिली नाही.