अँड्रॉइड की आयफोन: जेल रोडला जाण्याआधी

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते आणि गेली अकरा वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. दिवाळीत चकली, अनारसे, करंज्या, होळीला पुरणपोळ्या. दुकान नाही, पाटी नाही. गिऱ्हाइकं, हिशेब, कोणाला काय चालतं नि काय नाही, सगळं फोनमध्ये. फोन मी दोनदा एका सिस्टिमवरून दुसरीवर नेला, म्हणजे आधी अँड्रॉइडवरून आयफोनवर, मग परत अँड्रॉइडवर. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा नीट जमलं. आता भिशीतल्या बायका नवा फोन घेण्याआधी मला विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी वहीचं एक पान घ्या. आठवडाभर फोन कशाकशासाठी हातात घेतलात ते त्यावर लिहीत जा. माझ्या पानावर आलं ते असं: व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, यूपीआयने पैसे, मराठीत बोलून टाइप करणं, पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल, फराळाचे फोटो, फोनवर आलेली ऑर्डर रेकॉर्ड करणं. यातलं बरंचसं दोन्हीकडे सारखंच होतं. यूपीआयचं उदाहरण घ्या. नोंदणीच्या वेळी तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की तो आपोआप जातो, आयफोनवर 'पाठवा' स्वतः दाबावं लागतं. एवढाच फरक. कॉल रेकॉर्डिंगचा फरक मात्र मोठा आहे. आयफोनवर ही सोय आयओएस (आयफोनची सिस्टिम) 18.1 पासून आली आणि रेकॉर्डिंग सुरू होताच दोघांनाही तशी सूचना ऐकू येते. गूगलच्या फोन अ‍ॅपमध्येही ती ऐकू येते, काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये, म्हणजे कॉल लावायच्या सोयीत, येत नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर, सूचना असो वा नसो, मी आधीच सांगते: "ताई, वजन लिहिताना चुकू नये म्हणून रेकॉर्ड करते हं."

ते पान घेऊन दुकानात जा. जेल रोडवर मोबाइलची दुकानं खच्चून भरलेली आहेत, आणि काउंटरवरचा मुलगा पहिलं वाक्य हेच बोलतो, "आंटी, कैमरा देखो." कॅमेरा नंतर बघा. डेमो फोन मागा, भाषा मराठी करून मागा, अक्षरं मोठी करून मागा आणि मग त्याला बोलून सांगा, "पाव किलो भाजणी, दोन डझन अनारसे." काय उमटतं ते वाचा. माझी निम्मी पारख याच एका वाक्यावर झाली.

दोनच सिस्टिम का, असं भाची विचारत होती. आणखी होत्या की. विंडोज फोन दिसायला देखणा होता, पण अ‍ॅप बनवणारे तिकडे फिरकेनात, आणि 31 डिसेंबर 2019 नंतर त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालेनासं झालं. सिस्टिम कितीही चांगली असली तरी तुमचं बँकेचं अ‍ॅप तिच्यासाठी बनत नसेल तर ती आपल्या कामाची नाही. आज आपल्याकडे हा प्रश्न दोघींपुरताच उरतो.

अँड्रॉइड म्हणजे एकच वस्तू नव्हे, हे समजायला मला वेळ लागला. ते चकलीच्या भाजणीसारखं आहे. धान्यं तीच, पण प्रत्येक घरची चव निराळी. गूगल मूळ अँड्रॉइड देतं, त्यावर सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं हायपर ओएस, वनप्लसचं ऑक्सिजन ओएस. सेटिंग्जची जागा वेगळी, आधीपासून भरलेली अ‍ॅप वेगळी. स्वस्त फोनमध्ये अशी नको असलेली अ‍ॅप जास्त असतात आणि त्यांच्या सूचना दिवसभर वाजतात. घेतल्या दिवशीच त्या बंद करून घ्या. आयफोनचं सॉफ्टवेअर आणि फोन दोन्ही अ‍ॅपलचंच, त्यामुळे लेकीचा आणि तुमचा आयफोन आतून जवळजवळ सारखाच दिसतो. याचा खरा फायदा मला फोनवर मदत मागताना झाला. "आई, करड्या रंगाचं चक्र दाब," असं ती पुण्याहून सांगायची आणि ते चक्र तिथेच असायचं. तेव्हा त्या पानावर आणखी एक ओळ लिहा: अडलं तर मी कोणाला विचारणार, आणि त्याच्याकडे कोणता फोन आहे?

आता अपडेट. याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही. सुरक्षेचे अपडेट थांबले की फोन दिसतो तसाच, पण त्यात बँकेचं अ‍ॅप ठेवणं दिवसेंदिवस धोक्याचं होत जातं. लेकीने मला तिचा आयफोन एक्सआर दिला होता. ते मॉडेल 2018 चं. 2024 ची आयओएस 18 त्याला मिळाली, 2025 ची आयओएस 26 त्याच्यासाठी नव्हती. वापरलेला फोन इतकी वर्षं चालला हे मला फार मोलाचं वाटतं. अँड्रॉइडमध्ये पूर्वी एवढं मिळत नसे. आता गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. गॅलेक्सी ए16 5जी सारख्या मध्यम किमतीच्या फोनला सहा वर्षं आहेत. पण ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये मिळालं तर दोन वर्षं आधीच सरलेली असतात. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. मी भागते, आणि महाग वाटलेला फोन कितीदा तरी स्वस्त निघतो.

माझ्या थोरल्या जावेला मागच्या लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. नाव पत्रिकेचं, फाइल एपीके, म्हणजे उघडली की अँड्रॉइड फोनवर नवं अ‍ॅप टाकणारी. तिने उघडण्याआधी मला विचारलं, नाहीतर त्या अ‍ॅपने तिचे ओटीपी वाचले असते. आरटीओच्या चलनाच्या नावानेही अशा फाइली फिरतात. एपीके आयफोनवर चालतच नाही, तिथे अ‍ॅप येतं ते अ‍ॅप स्टोअरमधून. अँड्रॉइडवर बाहेरचं अ‍ॅप टाकता येतं. जाणत्याला ती सोय आहे, पण सासऱ्यांसारख्या, आलेलं प्रत्येक चित्र उघडून पाहणाऱ्या माणसाच्या हातात ते उघडं दार आहे. अशा कोणासाठी फोन घेत असाल आणि ऐपत असेल तर मी आयफोनच सांगते. अँड्रॉइडच घ्यायचा असेल तर सेटिंग्जमध्ये 'अज्ञात अ‍ॅप' शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांची ती परवानगी बंद करा. प्ले प्रोटेक्ट, ही घातक अ‍ॅप तपासणारी गूगलची सोय, चालू ठेवा.

आता मी रडले होते ते. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना मी घाईने नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं, नंबर टाकला, आणि जुना फोन त्याच दुपारी एक्स्चेंजला देऊन आले. रात्री उघडून पाहते तर सगळं कोरं. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो, आयफोन तो वाचत नाही. आयफोनचा आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीत, तो अँड्रॉइड वाचत नाही. दोन दिवाळ्यांच्या ऑर्डरी गेल्या. एका घरी नातवाला शेंगदाणा चालत नाही, ते तेवढं त्या गप्पांमध्येच लिहिलेलं होतं. नशिबाने मला आठवलं, पण त्या आठवणीच्या भरवशावर मी पुन्हा कधी राहणार नाही.

नीट करायचं तर असं. अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना, आयफोन नवा किंवा पूर्ण रीसेट केलेला असतानाच जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' अ‍ॅप उघडा आणि यादीत व्हॉट्सअ‍ॅप निवडा. नंबर तोच हवा. दोन्ही फोन चार्जिंगला लावा आणि मध्ये कोणाचा फोन घेऊ नका. उलट्या वाटेने, आयफोनकडून अँड्रॉइडकडे येताना, नव्या फोनची पहिली मांडणी चालू असतानाच केबल जोडा. माझ्या एक्सआरला एका टोकाला लाइटनिंग (जुन्या आयफोनची पिन), दुसऱ्याला टाइप-सी अशी केबल लागली; आयफोन 15 पासून पुढे दोन्ही टोकं टाइप-सीच. मग आयफोनच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, आणि तिथून चॅट अँड्रॉइडवर हलवण्याचा पर्याय. कॉलची यादी येत नाही, गप्पा आणि फोटो येतात. दोन्ही वेळा, सुरू करण्याआधी महत्त्वाच्या गिऱ्हाइकांच्या गप्पा 'एक्सपोर्ट' करून स्वतःला ईमेल करा. मी आता दर दसऱ्याला करते.

जागेचाही हिशेब धरा: आयक्लाउडवर 5 जीबी फुकट, गूगलवर 15, पण त्या 15 मध्ये जीमेल, फोटो आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो.

वापरलेला फोन घेत असाल तर *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) पाहा, इंग्रजीत KYM लिहून जागा सोडून तो आकडा 14422 वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. आधीच्या मालकाने समोर बसून आपलं अ‍ॅपल किंवा गूगल खातं काढल्याशिवाय पैसे देऊ नका. आयफोनच्या बॅटरीची ताकद नव्याच्या मानाने किती उरली ते सेटिंग्जमध्येच दिसतं, ते पाहा.

मी स्वतः या वेळी सहा वर्षांच्या अपडेटचा अँड्रॉइड घेतला, कारण माझ्या पानावर बोलून टाइप करणं सगळ्यात वर होतं आणि आता शेजारच्या घरात भाचा आहे, त्याच्याकडे त्याच कंपनीचा फोन आहे. एक्सआर महिनाभर कपाटात ठेवला. नव्या फोनवर ऑर्डरी, यूपीआय, बँक, सगळं एकदा तरी चालून झालं, मगच त्यातून अ‍ॅपल खातं काढलं आणि तो रीसेट केला.