जुन्या स्विचसाठी अँसिबलमधले सायफर

जुन्या नेटवर्क स्विचला अँसिबलवरून (अनेक यंत्रं एकदम हाताळायचं साधन) जोडताना ‘नो मॅचिंग सायफर’ (दोन्हीकडे चालणारा सायफर, म्हणजे सांकेतिकरणाची पद्धत, सापडली नाही) असं आलं, तर त्याच ओळीत ‘देअर ऑफर’पुढे स्विचला चालणाऱ्या सायफरची यादी असते, आधी ती वाचा. जोडणी करणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमने २०१७ मध्ये ७.६ आवृत्तीपासून सीबीसी या जुन्या प्रकारचे सायफर क्लायंटच्या मूळ यादीतून काढले. यादीतला एईएस१२८-सीबीसी निवडा, त्याहून जुना ३डीईएस नाइलाज असेल तरच. एसएसएचच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये फक्त त्या स्विचच्या होस्ट नोंदीखाली ‘सायफर्स +’ लिहून तो जोडा. अधिकचं चिन्ह विसरू नका, नाहीतर मूळची भक्कम यादीच पुसली जाते. ‘होस्ट *’खाली तर कधीच नको, सगळे सर्व्हर उगाच कमकुवत होतात. जोडणी ओपनएसएसएचऐवजी पॅरामिको या पायथन लायब्ररीवरून होत असेल, तर मात्र या ओळीचा उपयोग नाही.