मेंटॉर सिस्टरांबद्दल विद्यार्थिनींना विचारायचं कसं?

"तुमच्या मेंटॉर सिस्टर कशा आहेत?" असं विचारलं की नर्सिंगची विद्यार्थिनी "छान आहेत" म्हणून मोकळी होते. मेंटॉर सिस्टर म्हणजे वॉर्डात मुलींना काम शिकवणाऱ्या नर्स. लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीवर, सही त्याच सिस्टर करणार, मग ती दुसरं काय लिहिणार? म्हणून प्रश्नावली करायला घेणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: सिस्टर कशा आहेत ते सोडा, वॉर्डात काय घडलं ते विचारा.

टेबलाशी बसून प्रश्नावलीतली विधानं लिहू नका. नुकतंच पोस्टिंग संपलेल्या काही मुली आणि काही सिस्टर यांच्याशी वेगवेगळं बोला आणि प्रसंग त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. 'मार्गदर्शक प्रोत्साहन देतात' असं त्यांच्यातलं कुणी बोलत नाही. "पहिल्यांदा कॅथेटर घालताना सिस्टर शेजारी उभ्या होत्या," असं बोलतात. त्यातून विधान निघतं: 'नवी प्रोसीजर पहिल्यांदा करताना मेंटॉर माझ्याजवळ होत्या.' शेवटी हवीत त्याच्या दुप्पट विधानं लिहा, बरीच गळतात.

एका विधानात एकच गोष्ट ठेवा. 'सिस्टर वेळ देतात आणि चुका नीट समजावतात.' आता सिस्टर वेळ देतात, पण चुका पेशंटदेखत काढतात. मुलीने खूण कुठे करायची?

मानसशास्त्रज्ञ लिकर्ट यांची 'सहमत-असहमत' पट्टी 1932 पासून चालत आली आहे आणि मतं विचारायला ती ठीक आहे. घडलेल्या गोष्टींसाठी मला 'कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी' हेच बरं वाटतं. सोबत 'प्रसंग आला नाही' हा रकाना हवाच. 'माझी चूक मेंटॉरनी बाजूला घेऊन सांगितली' या विधानावर, जिची चूकच झाली नाही ती 'कधीच नाही'वर खूण करते आणि सिस्टरांचे गुण फुकट जातात. या रकान्याला शून्य देऊ नका, ते विधान तिच्या सरासरीतून वगळा.

मग सहा-सात जाणकारांना प्रत्येक विधान विषयाला किती धरून आहे ते 1 ते 4 मध्ये ठरवू द्या. 3 किंवा 4 देणारे भागिले एकूण जाणकार, हा त्या विधानाचा आशय-वैधता निर्देशांक. सहा किंवा जास्त जाणकार असतील तर तो निदान 0.78 हवा. सहापैकी पाच 'हो' म्हणाले तर 0.83, विधान राहील. चारच म्हणाले तर 0.67, ते पुन्हा लिहा. जाणकारांत रोज वॉर्डात उभ्या असणाऱ्या सिस्टर हव्यात, सगळे प्राध्यापकच नकोत.

यानंतरची पायरी लोक सर्रास गाळतात. दोन-चार मुलींना समोर बसवून विधान मोठ्याने वाचायला लावा आणि "तुला यातून काय समजलं?" असं विचारा. 'फीडबॅक' म्हणजे काहींना फक्त ओरडा वाटतो, हे तिथेच कळतं.

मग पायलट करा, म्हणजे थोड्या मुलींकडून फॉर्म भरून बघा, आणि क्रॉनबॅक अल्फा काढा; विधानं एकमेकांशी किती जुळतात ते हा आकडा सांगतो. 0.70 च्या वर गेला की बहुतेक लोक खूश होतात. तो 0.95 च्याही पुढे गेला तर मी विधानं पुन्हा वाचते. बहुधा एकच गोष्ट शब्द बदलून विचारलेली असते.

त्याच प्रसंगांवर सिस्टरांसाठीही एक फॉर्म करा. "मी जवळ होते" आणि "त्या जवळ नव्हत्या" ही तफावत दिसली की बोलायला विषय मिळतो. मात्र वॉर्डवार गटांची तुलना करा, नावांच्या जोड्या लावू नका.

मुलींचे गुण जाहीर झाल्यावरच त्यांना फॉर्म द्या, नाव-रोल नंबर न घेता, आणि तो गोळा करायला मेंटॉरना पाठवू नका. वॉर्डात दोनच मुली असतील तर निनावी फॉर्मवरूनही त्या ओळखू येतात. अशा वॉर्डांचे आकडे वेगळे दाखवू नका, मोठ्या गटात मिसळा.