पॉवर प्रेसवर बोटे गमावण्याची वेळ आणणाऱ्या या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांत वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, तयार होतात आणि याच यंत्रावर कामगारांची बोटे चिरडतात. अपघातानंतर ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ एवढे नोंदवून चौकशी संपवणे, ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. पाळीभर तीच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष कधीतरी ढळणारच; म्हणूनच यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, कलम २१ अन्वये, कामगारावर टाकलेली नव्हती.

दुसरी चूक क्लच (मोटारीचा जोर रॅमला, म्हणजे वर-खाली होऊन पत्रा दाबणाऱ्या भागाला, जोडणारा भाग) न ओळखण्याची आहे. जुन्या प्रेसमधील की-क्लच एकदा गुंतला की फेरी पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, त्यामुळे अशा प्रेसवर लाइट कर्टन (प्रकाशकिरण अडताच यंत्र थांबवणारा सेन्सर) बसवला तरी हात आत गेल्याचे सेन्सरला कळूनही उपयोग होत नाही आणि कामगार मात्र निर्धास्त होतो. तेथे पत्रा सरकेल पण बोट जाणार नाही असे पक्के गार्डच डायभोवती (साच्याभोवती) हवे. लाइट कर्टन फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे फेरीच्या मध्येच थांबवता येणाऱ्या, प्रेसवर, तोही डायपासून पुरेशा अंतरावर, कामाचा ठरतो.

पायडल एकदा दाबून रॅम दोनदा खाली आला, तर लॉट पूर्ण होण्याची वाट न पाहता प्रेस तत्काळ बंद करावा. क्लचची की, तिची स्प्रिंग किंवा ब्रेक झिजल्याची ती खूण असू शकते. दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून एकाच वेळी दाबायच्या दोन बटणांपैकी एक काडी खोचून दाबून ठेवणे म्हणजे मोकळा झालेला हात डायकडे जाऊ देणे होय.

डाय बदलताना मोटार बंद केली की प्रेस थांबला, असे समजू नये. फ्लायव्हील (मोटारीने फिरणारे जड चाक) बराच वेळ फिरत राहते आणि त्यात फेरी पूर्ण करण्याइतका जोर असतो. ते पूर्ण थांबल्यावर मेन स्विचला कुलूप लावून किल्ली सेटरने (डाय बसवणाऱ्या कारागिराने) स्वतःच्या खिशात ठेवावी व रॅमखाली आधाराचा ठोकळा द्यावा.

एवढे करूनही बोट तुटलेच, तर ते थेट बर्फात टाकू नये, कारण त्याने पेशी गोठून नष्ट होतात. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि प्लास्टिक सर्जन उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जखमीबरोबरच न्यावी.